अपूर्ण खेळाची पाठवणी

बाजारात आलेली वस्तू ही पूर्ण झालेली वस्तू असते, असा ग्राहकाचा स्वाभाविक समज असतो. संगणकीय खेळांच्या व्यवसायात मात्र हा समज केव्हाच मोडीत निघाला आहे. येथे अर्धवट, कुठे अडखळणारा तर कुठे मध्येच बंद पडणारा खेळ जाणीवपूर्वक लोकांच्या हाती सोपविला जातो आणि त्याच्या उणिवा त्यांच्याकडूनच जाणून घेतल्या जातात. निर्मात्यांनी आपल्या चार भिंतींत केलेली चाचणी ती अल्फा आणि बाहेरच्या माणसांकडून करवून घेतलेली ती बीटा, अशी ही ढोबळ परिभाषा आहे.

बँक कर्मचाऱ्यांना ही कल्पना अपरिचित वाटू नये. कोअर बँकिंग प्रणाली आली तेव्हा ती आधी मोजक्या शाखांत चालवून पाहिली गेली व मगच सर्वत्र नेली गेली, हे ज्येष्ठ सहकाऱ्यांना स्मरत असेल. फरक एवढाच की, शाखा कोठे आहे आणि तेथे कोणती आवृत्ती चालू आहे हे मुख्यालयाला ठाऊक असते. खेळाची प्रत एकदा बाहेर पडली की ती कोणाच्या यंत्रात जाऊन बसली, हे निर्मात्याला कळेलच असे नाही. म्हणूनच बीटा खेळ कोणत्या मार्गाने द्यावा हा प्रश्न वरवर वितरणाचा दिसला, तरी वस्तुतः तो दुरुस्तीचा प्रश्न असतो. खेळ देणे एकदाच घडते; दुरुस्ती मात्र पन्नास वेळा पोहोचवावी लागते.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास बंगळुरूसारखे दुसरे शहर आपल्या देशात क्वचितच सापडेल. भारतातील आरंभीच्या खेळनिर्मिती संस्थांपैकी एक असलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था येथे १९९७ मध्ये स्थापन झाली व २०१९ मध्ये ती रॉकस्टार या जगप्रसिद्ध समूहाकडे गेली. अमेरिकेतील झिंगाने २०१० मध्ये येथे कार्यालय उघडले, तर ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी कर्नाटक सरकारने २०१२ मध्येच स्वतंत्र धोरण आखले. देशात सर्वाधिक गाजलेली बीटा चाचणीही याच शहरातून झाली.

ती कथा अशी. पबजी मोबाइल या खेळावर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. त्यानंतर दक्षिण कोरियातील क्राफ्टन या कंपनीने बंगळुरू येथील आपल्या भारतीय शाखेमार्फत 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ खास भारतासाठी आणण्याचे ठरविले. १८ मे २०२१ रोजी गुगल प्ले वर पूर्वनोंदणी खुली झाली आणि दोन आठवड्यांत नोंदणीचा आकडा दोन कोटींवर गेला. इतकी गर्दी दाराशी उभी असताना दार सताड उघडणे हा कोणत्याही विक्रेत्याला पडणारा मोह आहे. कंपनीने तो आवरला. १७ जून रोजी गुगलच्या चाचणी कार्यक्रमाद्वारे, मर्यादित जागा ठेवून, 'अर्ली ॲक्सेस' दिला गेला. जागा भराभर संपल्या आणि टप्प्याटप्प्याने आणखी खुल्या करण्यात आल्या. २ जुलै रोजी खेळ अँड्रॉइडवर सर्वांसाठी खुला झाला. आयफोनधारकांना मात्र १८ ऑगस्टपर्यंत थांबावे लागले.

त्या दोन आठवड्यांचे मोल निर्मात्यांना ठाऊक होते. दोन जीबी स्मृतीच्या साध्या फोनपासून महागड्या फोनपर्यंत सर्वांवर चालेल असा खेळ देऊ पाहताना, कोणत्या फोनवर तो गोठतो हे प्रयोगशाळेत पुरतेपणी कळत नाही. सर्व्हरवर एकदम किती भार येईल, याचा अंदाजही कागदावर येत नाही. जागांची संख्या हा येथे नळाच्या तोटीसारखा उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. चाचणीच्या काळात खेळाडूने मिळविलेली प्रगती व केलेली खरेदी अंतिम आवृत्तीत कायम राहील, असे कंपनीने जाहीर केले होते. अनेक बीटा खेळांत अखेरीस सर्वांची पाटी पुसून कोरी केली जाते. ज्याने वेळ आणि पैसा दोन्ही ओतले, त्याला हे आधीच सांगणे हा व्यवहारातील प्रामाणिकपणाचा किमान भाग मानला पाहिजे.

क्राफ्टनजवळ मनुष्यबळ होते, पैसा होता. कोरमंगला किंवा इंदिरानगर येथील भाड्याच्या खोलीत तीन-चार तरुणांचा चमू खेळ तयार करीत असेल, तर त्याने काय करावे?

सर्वांत सोपा मार्ग सर्वांत आधी सुचतो. खेळाची एपीके फाइल तयार करावी आणि मित्रांना व्हॉट्सॲपवर धाडावी. खर्च शून्य, विलंब शून्य. पहिल्या दहा जणांसाठी हे ठीक आहे. आठवडाभरात मात्र पाच निरनिराळ्या आवृत्त्या फिरू लागतात, मंगळवारी दुरुस्त केलेल्या चुकीची तक्रार शनिवारी पुन्हा येते आणि तक्रार नेमकी कोणत्या आवृत्तीबद्दल आहे हे शोधण्यातच दिवस जातो. हा मार्ग पत्करायचाच असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक व तारीख ठळक छापावी. एवढ्या क्षुल्लक सोयीने वाचणारे श्रम थोडे नसतात.

या मार्गात दुसरी अडचण दडलेली आहे व ती बँकेच्या वाचकांना चटकन उमजेल. अँड्रॉइडवरील प्रत्येक ॲपवर निर्मात्याची अंकीय सही असते. पुढची आवृत्ती आधीच्या आवृत्तीवर चढवायची, तर त्याच सहीची असावी लागते. खाते उघडताना दिलेल्या सहीच्या नमुन्याशी धनादेशावरील सही जुळावी लागते, तसेच हे. घाईत तात्पुरती सही करून मित्रांना दिलेल्या प्रतीवर दुकानातील प्रत बसत नाही. आधीची काढून टाकावी लागते आणि फोनमध्ये साठविलेली प्रगती बहुधा तिच्याबरोबर नाहीशी होते. सहीची किल्लीच हरवली, तर अद्ययावत करण्याचा रस्ताच खुंटतो. ही किल्ली स्वतःकडे सांभाळण्याची सोय गुगलने पुढे उपलब्ध केली, त्यामागे अशीच हानी आहे.

दुसरा मार्ग अधिकृत दुकानाचा. पंचवीस डॉलर एकदाच भरून गुगल प्ले वर निर्माता म्हणून नोंदणी होते. तेथे चाचणीचे तीन दरवाजे आहेत : शंभर जणांपुरता अंतर्गत, निमंत्रितांचा बंद आणि कोणालाही येता येईल असा खुला. या चाचण्यांतील अभिप्राय निर्मात्याला खासगीत मिळतो व सार्वजनिक गुणांकनावर त्याचा डाग पडत नाही. नव्या निर्मात्याला हे अभय फार मोलाचे आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना तर खेळ सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी बंद चाचणी सलग चौदा दिवस चालविणे गुगलने बंधनकारक केले. त्यासाठी आरंभी वीस परीक्षकांची अट होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती बारावर आली. ॲपलच्या टेस्टफ्लाइट व्यवस्थेत बाहेरचे दहा हजारांपर्यंत परीक्षक घेता येतात आणि तेथील प्रत नव्वद दिवसांनी आपोआप निकामी होते. जुन्या प्रतींचा पसारा मागे राहू नये यासाठी ही मुदत मोठी उपकारक ठरते.

संगणकावरील खेळांसाठी स्टीम आणि इच डॉट आयओ ही दोन ठिकाणे प्रमुख. स्टीमवर प्रत्येक खेळामागे शंभर डॉलर भरावे लागतात व विक्रीतील सुमारे तीस टक्के वाटा द्यावा लागतो. इचवर दुकानाचा वाटा किती असावा हे निर्माताच ठरवितो. स्टीमवर एकाच खेळाच्या निरनिराळ्या शाखा ठेवता येतात आणि परीक्षकांची शाखा संकेतशब्दाने बंदिस्त करता येते. जमाखर्चाच्या दृष्टीने इच स्वस्त असले, तरी प्रेक्षक स्टीमवर आहेत, हे कोणत्याही होतकरू चमूने विसरू नये.

अद्ययावत करण्यातील खरी गंमत मात्र आकारमानात आहे. पासबुकात नव्या नोंदी तेवढ्या छापाव्यात, की प्रत्येक वेळी नवे पासबुक लिहून द्यावे? स्टीमची व्यवस्था खेळाच्या फाइलींचे साधारण एक मेगाबाइटचे तुकडे करते आणि बदललेले तुकडेच धाडते. परंतु निर्मात्याने सर्व चित्रे व ध्वनी एकाच प्रचंड फाइलमध्ये कोंबले असतील आणि दर वेळी त्यांचा क्रम बदलत असेल, तर एका झाडाचा रंग बदलला तरी जवळजवळ सर्वच तुकडे बदललेले ठरतात. खेळाडूला दोन जीबी पुन्हा उतरवून घ्यावे लागतात. ज्याचा दिवसाचा डेटा दीड जीबी आहे, तो अशा वेळी खेळ काढून टाकतो आणि तक्रारसुद्धा करीत नाही.

दुकानाच्या मार्गात नवी आवृत्ती आधी पाच टक्के, मग वीस टक्के, अशी हळूहळू सोडता येते. घोटाळा दिसला तर प्रसार थांबविता येतो. ज्यांना ती मिळाली त्यांच्याकडून मात्र ती परत घेता येत नाही. त्याहून वरच्या क्रमांकाची सुधारित आवृत्तीच द्यावी लागते. चुकीची नोंद खोडायची नाही, उलट नोंद करायची, हा लेखाकर्माचा जुना दंडक येथे आपोआप पाळला जातो.

अपूर्ण खेळ विकावा की नुसता दाखवावा, हा मात्र तंत्राचा नव्हे, स्वभावाचा प्रश्न आहे. स्टीमने मार्च २०१३ मध्ये अपूर्ण खेळ पैसे घेऊन विकण्याची रीतसर सोय केली. 'बाल्डर्स गेट ३' हा खेळ ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३ असा जवळजवळ तीन वर्षे त्या अवस्थेत होता व पुढे जगभर नावाजला गेला. पुण्याच्या सुपरगेमिंगने याहून निराळी वाट धरली. त्यांच्या 'इंडस' या खेळाची पूर्वनोंदणी जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, बंद चाचण्या चालू राहिल्या आणि खेळ १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वांसमोर आला. आगाऊ विक्रीमुळे हाती भांडवल येते, पण पहिले मत कायमचे छापले जाते. थांबण्यामुळे नाव राखले जाते, पण पगार दरमहा द्यावे लागतात. ज्या चमूजवळ सहा महिन्यांचा खर्चही शिल्लक नाही, त्याला दुसरा मार्ग सुचविणे सोपे आहे, झेपणे कठीण.

दुकानावर सर्वस्वी विसंबण्यातही जोखीम आहेच. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा खेळ २८ जुलै २०२२ रोजी सरकारी आदेशानंतर दोन्ही प्रमुख दुकानांतून हटविण्यात आला. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता त्यांना काही काळ खेळता येत होते. परंतु नव्यांना अधिकृत प्रत मिळेना आणि अद्ययावत होण्याचा नेहमीचा रस्ता बंद झाला. पुढे तीन महिन्यांच्या प्रायोगिक परवानगीवर, अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास व इतरांना सहा तास अशा मर्यादेसह, २९ मे २०२३ रोजी तो अँड्रॉइडवर परतला.

अधिकृत दार बंद झाले, किंवा नुसते अरुंद झाले, की आडवाटेची दुकाने गजबजतात. 'बीटामध्ये थेट प्रवेश' असे सांगणाऱ्या दुव्यावरून उतरविलेली एपीके खेळच असेल याची हमी कोणीही देत नाही. अशा फाइलीने लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागितली आणि मुलाने वडिलांच्या फोनवर ती देऊन टाकली, तर बँकेकडून येणारा ओटीपीही तिच्या दृष्टीस पडतो. बाह्य स्रोतातून ॲप बसविताना फोन देत असलेली सूचना उगीच दिलेली नसते. (पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. तो विषय स्वतंत्र.)

घरातील कोणी एखाद्या खेळाचे परीक्षक झाले असेल, तर ते ओळखणे अवघड नाही. गुगल प्ले वर त्या खेळाच्या पानावर तसा उल्लेख असतो आणि त्याच पानाच्या तळाशी चाचणीतून बाहेर पडण्याचे बटण असते. बाहेर पडल्यावर बीटा प्रत काढून टाकून सर्वांसाठीची प्रत नव्याने घ्यावी लागते. त्याआधी आपली प्रगती फोनमध्ये साठविली आहे की सर्व्हरवर, हे मात्र तपासून घ्यावे.