बारा वर्षे आणि एक ‘भूमिका’

भारतीय चित्रपटाला २०१३ साली शंभर वर्षे झाली, तेव्हा श्रेष्ठ अभिनयाच्या याद्यांचे पेव फुटले होते. ‘फोर्ब्ज इंडिया’ने पंचवीस सर्वोत्तम भूमिका निवडल्या आणि त्यांत ‘मिर्च मसाला’मधल्या सोनबाईसाठी स्मिता पाटीलचे नाव घेतले. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या ‘प्रीमियर’ मासिकाने जगातल्या शंभर भूमिकांची क्रमवारी लावली होती. तिथे पहिला मान ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तल्या पीटर ओटूलला मिळाला. अशा याद्यांवर वाद होणारच, आणि ते व्हावेत. चोपडा, अमळनेर, शिरपूर या पट्ट्यात तर हा वाद स्मिता पाटीलपाशी आल्याशिवाय राहत नाही. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरच्या राजकारणातले, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. आई विद्याताई समाजकार्यात. चोपडा आणि शिरपूर हे तर शेजारचे तालुके, वर सातपुडा आणि खाली तापी. त्यामुळे इथल्या माणसाला स्मिता घरची वाटते. पण घरचे माणूस म्हणून मान देणे वेगळे आणि कलावंत म्हणून पारखून घेणे वेगळे. तिच्या बारा वर्षांच्या कामाचा मागोवा घेतला की माझे मत असे होते: यादी करणाऱ्यांनी अभिनेत्री बरोबर निवडली, चित्रपट मात्र दुसरा निवडायला हवा होता. जगातल्या थोर अभिनयांच्या पंगतीला बसण्याचा पहिला हक्क १९७७ च्या ‘भूमिका’चा आहे.

हे म्हणायचे तर आधी मोजमाप ठरवायला हवे. श्रेष्ठ अभिनय म्हटले की आपल्याकडे काही ठरावीक गोष्टी पुढे येतात. घणाघाती संवाद, हंबरडा, वजन वाढवणे किंवा घटवणे, म्हातारपणाचा मेकअप, मरणाचा प्रसंग. या साऱ्यात कष्ट आहेत, कौशल्यही आहे. तरी एवढ्याने काम भागत नाही, कारण यातले बरेचसे लेखक, रंगभूषाकार आणि पार्श्वसंगीत मिळून उभे करू शकतात. ज्यात नटाला कोणाचीही मदत होत नाही, अशी जागा एकच: माणसाचे मन बदलते तो क्षण. निर्णय झालेला असतो, पण शब्द अजून ओठांवर आलेला नसतो. तो बदल प्रेक्षकाला संवादाआधी कळला, आणि कळूनही पुढचे पाऊल कोणते पडेल याचा अंदाज आला नाही, तर तो अभिनय थोर. मार्लन ब्रँडो ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये याच कसोटीवर उतरतो, ‘बंदिनी’तली नूतनही याच कसोटीवर उतरते. स्मिताची कारकीर्द याच मोजपट्टीने पाहायची.

ती सुरू झाली कॅमेऱ्यासमोर स्थिर बसण्यापासून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात स्मिता तिथे मराठी बातम्या वाचत असे. वृत्तनिवेदकाला हातवारे करता येत नाहीत, आवाज चढवता येत नाही. डोळे आणि चेहऱ्याची ठेवण एवढ्यावरच भरवसा. ही शिस्त पुढे तिच्या कामात दिसते. श्याम बेनेगल यांनी तिला ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ (१९७५) यांत घेतले, त्यानंतर ‘मंथन’ (१९७६) आला. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला हा चित्रपट. सहकाराचे गुण आणि दुखणी दोन्ही जवळून पाहिलेल्या खान्देशी प्रेक्षकाला त्यातली माणसे समजावून सांगावी लागत नाहीत. स्मिताची बिंदू तिथे थोडेच बोलते. शहरातून आलेल्या डॉक्टरकडे ती आधी संशयाने पाहते, मग कुतूहलाने, मग ओढीने. या तिन्ही नजरांमधले अंतर ती एकही वाक्य खर्च न करता पार करते. एकविशीच्या आतल्या मुलीसाठी हे मोठेच काम, तरी भूमिका लहान होती. बिंदूला ठरवण्यासारखे फारसे काही हाती नव्हते.

‘भूमिका’त ते आले. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला हा चित्रपट. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांची. छायालेखन गोविंद निहलानींचे. नायिका उषा ही चित्रपटातली अभिनेत्री आहे, आणि इथेच स्मितापुढचे काम दुप्पट अवघड होते. तिला उषा तर उभी करायचीच आहे, शिवाय उषा जो अभिनय करते तोही करून दाखवायचा आहे. सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर लावणीच्या ढंगाचे नृत्य करते. तिथे तिची मान, कंबर, डोळे त्या काळच्या पडद्याच्या रीतीने चालतात. सगळे थोडे मोठे, थोडे ठसठशीत. शॉट संपला की अंगातला तो ठसका उतरतो आणि थकलेली, चिडलेली बाई दिसते. जुन्या हिंदी-मराठी पडद्याची अभिनयशैली आणि सत्तरच्या दशकातली वास्तव शैली, दोन्ही एकाच देहात, मिनिटामिनिटाच्या अंतराने. जुन्या शैलीची टिंगल करावी असा मोह अशा वेळी होतो. स्मिता ती करत नाही. उषाला आपले काम येते, त्यात तिला आनंद आहे, हे ती मान राखून दाखवते. म्हणून तर तो आनंद घरी येताच कसा विझतो ते आपल्याला लागते.

यातच वयाचाही प्रवास आहे. अल्लड मुलीपासून वयात आलेल्या मुलीच्या आईपर्यंतची उषा स्मिताने बाविशीच्या आसपास साकारली. वय दाखवायला ती केसांतल्या पांढऱ्या रंगावर विसंबत नाही. तरुण उषा चालताना आधी निघते आणि मग कुठे जायचे ते ठरवते; पुढची उषा थांबते, पाहते आणि मग पाऊल टाकते. अमोल पालेकरांनी केलेला केशव दळवी तिच्या कमाईवर जगतो, तिला कामाला जुंपतो आणि वर संशयही घेतो. त्याच्याशी भांडताना तिचा आवाज चढतो खरा, पण भांडण संपल्यावर ती जी गप्प होते, त्यात पुढचे घर सोडणे लिहिलेले असते. मग नसीरुद्दीन शाहांचा सुनील वर्मा, त्याच्यासोबत मरणाचा बेत. मग अमरीश पुरींच्या विनायक काळेचा वाडा. या वाड्यात ती हौसेने रमते. डोक्यावर पदर घेऊन घरधनीण होण्यात तिला खरेच सुख वाटते, आणि स्मिता ते सुख खोटे पाडत नाही. म्हणून मुलाला घेऊन जत्रेला निघालेल्या उषाला दारात अडवले जाते तो प्रसंग इतका बोचतो. या घरातल्या बायका बाहेर जात नाहीत, हे तिला प्रथमच कळते. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ येतो, मग समज, आणि मग निर्णय. रडू येत नाही. वर सांगितलेल्या मोजमापाचा याहून स्वच्छ दाखला मला भारतीय पडद्यावर दुसरा आढळत नाही. शेवटी हॉटेलच्या खोलीत ती एकटी उरते. ते एकटेपण तिने निवडले की तिच्यावर आले, हे स्मिता प्रेक्षकावर सोडते. या कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढच्या नऊ वर्षांतही शिखरे आहेतच. जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मधली चिंधी डोंगर चढते तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यालाही ते पाय खरे वाटतात. ‘चक्र’मधल्या झोपडपट्टीतल्या अम्माने तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. ‘उंबरठा’ (१९८२) मधली सुलभा महाजन मराठीतली तिची सर्वांत मोठी भूमिका. नवरा, मुलगी, प्रतिष्ठित सासर मागे ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाणारी बाई तिने कुठेही दयेची याचना न करता उभी केली. पण सुलभाचा निर्णय सुरुवातीलाच पक्का आहे. चित्रपट त्याची किंमत दाखवतो, त्यामुळे घडणीच्या जागा कमी आहेत. ‘मिर्च मसाला’चे तसेच. नंदुरबारच्या मिरची पथारीवर लाल मिरचीच्या ढिगांत राबणाऱ्या बायका पाहिलेल्या माणसाला सोनबाई ओळखीची वाटेल. हातात विळा घेऊन उभी राहिलेली तिची आकृती विसरता येत नाही. मात्र सोनबाईने सुभेदाराला थप्पड मारली तिथेच तिचे ठरलेले आहे. त्यानंतर तिला टिकून राहायचे आहे, बदलायचे नाही. याद्यांना ही आकृती आवडते, कारण ती एका छायाचित्रात मावते. उषा कुठल्याही एका छायाचित्रात मावत नाही.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की ‘भूमिका’चे श्रेय बेनेगलांचे आणि हंसाबाईंच्या पुस्तकाचे. पुस्तकाने जीवन दिले, दिग्दर्शकाने चौकट दिली, हे निर्विवाद. पण शॉट संपताच देहातून शैली उतरवणे कागदावर लिहिता येत नाही. शिवाय त्याच बेनेगलांच्या इतर चित्रपटांत उत्तम नट असूनही हे पुन्हा घडले नाही. दुसरा आक्षेप अकाली मृत्यूचा. स्मिता १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली, आणि तरुण जाणाऱ्यांभोवती वलय तयार होते. खरे आहे. म्हणूनच मी तिच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये लागलेल्या ‘मिर्च मसाला’वर माझा दावा उभा करत नाही. ‘भूमिका’चा पुरस्कार ती हयात असताना, कारकीर्दीच्या आरंभी मिळालेला होता, तिथे हळहळीला जागा नव्हती. तिसरा आक्षेप शबाना आझमींचा. ‘अर्थ’, ‘खंडहर’, ‘पार’ यांसाठी लागोपाठ तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या अभिनेत्रीची कारकीर्द अधिक लांब आणि अधिक विस्तृत आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पण इथे वाद कारकिर्दीचा नाही, एका भूमिकेचा आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठी माणसानेच निवड करायची तर ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस आणि जिजाई साकारणाऱ्या गौरी का नकोत? १९३६ चा तो चित्रपट व्हेनिसपर्यंत गाजला, आणि गौरींची जिजाई आजही ताजी वाटते. ‘कुंकू’तल्या शांता आपटेंचा ताठ कणा किंवा ‘सामना’तला निळू फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील यांचेही नाव घ्यावेच लागेल. हे सारे अभिनय थोर आहेत. तरी जिजाई, हिंदुराव हे पहिल्या प्रसंगात जसे भेटतात तसेच मुळात राहतात. त्यांचा ठसा त्या एकसंधपणातून येतो. उषा दर वीस मिनिटांनी वेगळी बाई होते आणि तरी एकच राहते. हे त्याहून दुर्मीळ. राहिला प्रश्न खान्देशी प्रेमाचा. ते प्रेम मी नाकारत नाही. पण प्रेमापोटी निवड केली असती तर गावाकडची, डोंगराची, शेताची बाई निवडली असती. उषा मुंबईच्या स्टुडिओतली आहे.

काही जण म्हणतील, कलेत क्रमवारी लावणेच चूक. पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे लावण्यात मलाही अर्थ दिसत नाही. पण कोणती कामे पुढच्या पिढीने पाहिलीच पाहिजेत हे ठरवणे टाळता येत नाही, कारण पाहायला वेळ थोडा आणि चित्रपट अगणित. क्रमवारीचा उपयोग एवढाच की ती आपल्याला कारणे द्यायला लावते. माझी कारणे मी दिली आहेत. ती तपासायची तर चोपडा-शिरपूरच्या महाविद्यालयांनी ‘भूमिका’ विद्यार्थ्यांना एकदा सलग, मोठ्या पडद्यावर दाखवावा आणि मग हवा तेवढा वाद घालू द्यावा. जगातल्या सर्वश्रेष्ठ दहा अभिनयांची नावे कोणी मागितली, तर स्मिता पाटीलची उषा त्यांत असलीच पाहिजे, हे माझे मत मात्र पक्के आहे.