चंबूभर बिअर, जगभर विज्ञान

हजारो लिटरच्या टाकीत यीस्ट सोडण्याआधी ब्रुअरी त्याची परीक्षा घेते, तीही प्रयोगशाळेतल्या छोट्याशा काचेच्या चंबूत. माल्टचा गोड काढा, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आणि त्यांच्या या करामती!

निळी दिसली, ती मेली
यीस्टच्या थेंबात मिथिलीन ब्लू मिसळून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. जिवंत पेशी हा रंग पचवून बिनरंगी राहते, मेलेली निळीशार दिसते. काढ्याच्या दर मिलिलिटरला साधारण १ कोटी जिवंत पेशी लागतात, म्हणून ही शिरगणती महत्त्वाची.

तराजू बोलतो
चंबू रोज तराजूवर ठेवायचा, बस्स! हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोज आंबलं की ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वायू निसटतो, तसं चंबूचं वजन उतरतं. वजन किती झरझर उतरतंय, यावरून यीस्टचा दम कळतो.

लोण्याचा वास? थोडं थांबा!
बिअरचे दोन नमुने घ्यायचे. एक ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तापवून गार करायचा, दुसरा तसाच ठेवायचा, मग दोन्ही हुंगायचे. तापवलेल्याला लोण्यासारखा वास आला, तर हा वास देणारं डायअसिटिल होऊ शकेल असा माल अजून शिल्लक आहे. तो निस्तरायला यीस्टला आणखी काही दिवस द्यायचे.

पेशी मोजता मोजता संख्याशास्त्र
डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या विल्यम गॉसेटने १९०७मध्ये यीस्टच्या पेशी मोजताना होणाऱ्या चुकांवर निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची रीत मांडली. ‘स्टुडंट’ या टोपणनावामुळे ती ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ म्हणून प्रसिद्ध झाली. आज औषधांच्या चाचण्यांतही ती वापरतात.

सामूचं माहेर
माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी जो सामू पाहतो, त्या पीएचची मोजपट्टी १९०९मध्ये सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ही प्रयोगशाळा बिअरच्या अभ्यासासाठी १८७५मध्ये उभी राहिली होती.

एका पेशीचा वंशविस्तार
याच प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३मध्ये एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढवलं. बिअर नासवणाऱ्या रानटी यीस्टची भेसळ त्यामुळे टळली. एवढा शोध हाती आल्यावर कोणीही तिजोरीत ठेवला असता. पण कार्ल्सबर्ग ब्रुअरीचे मालक जे. सी. याकोबसन यांनी प्रयोगशाळेच्या नियमांतच लिहून ठेवलं होतं, की इथला कोणताही महत्त्वाचा निष्कर्ष गुपित ठेवायचा नाही. ते शुद्ध यीस्ट स्पर्धकांनाही मिळालं, आणि एका चंबूतली ती पेशी देशोदेशीच्या टाक्यांत नांदू लागली.