पंधरा क्विंटलचा लॅपटॉप

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की धाराशिव जिल्ह्यातल्या शिक्षकांपुढे अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, पोरगा गेमिंग लॅपटॉप मागतोय. अभ्यासाला लागतो म्हणतो. घेऊ का?’ दुकानदाराच्या बोलण्यावर पालकाचा भरवसा नसतो आणि मुलाचे बोलणे समजत नाही. म्हणून तो शाळेतल्या जुन्या शिक्षकाकडे येतो. असा लॅपटॉप साधारण सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने ऐंशी हजार म्हणजे पंधरा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव हाती पडला तर. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांची पिके गेली, त्यांच्यासाठी तर हा आकडा फारच मोठा आहे. तेव्हा ‘घ्या’ किंवा ‘नको’ म्हणण्याआधी या यंत्राच्या आत काय चालते ते आपण पाहू.

साधा लॅपटॉप आणि गेमिंग लॅपटॉप यांत मुख्य फरक एका चिपचा असतो. तिला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात. वर्गात चाळीस मुले आहेत असे समजा. एक लांबलचक गणित असे आहे, की प्रत्येक पायरीचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढची पायरी करता येत नाही. इथे चाळीस मुलांचा उपयोग नाही; एकच हुशार मुलगा ते लवकर सोडवील. पण चार हजार चौकटी रंगवायच्या असतील तर? प्रत्येकाला शंभर चौकटी वाटून द्या, काम झटपट उरकेल. मुख्य प्रोसेसर त्या हुशार मुलासारखा असतो, तर ग्राफिक्स प्रोसेसर त्या वर्गासारखा. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०५० या लॅपटॉपसाठीच्या चिपमध्ये असे २,५६० छोटे गणक आहेत.

इतके गणक कशाला लागतात? पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके धरले, तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. सेकंदाला ६० चित्रे काढायची म्हणजे साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवावे लागतात. जाहिरातीत ‘१४४ हर्ट्झ’ असते, तिथे हा आकडा तीस कोटींजवळ जातो. मात्र पडदा १४४ वेळा बदलू शकतो याचा अर्थ चिप तितकी चित्रे पुरवू शकते असा नाही.

कामे वाटून देण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तयार झालेला ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक प्रोसेसरांना एकत्र कामाला लावूनच चालत होता. पुढे खेळांसाठी बनलेल्या चिपा विज्ञानाच्या कामी आल्या. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी बाजारात मिळणारी दोन गेमिंग कार्डे वापरून चित्रे ओळखणारे ‘ॲलेक्सनेट’ शिकवून तयार केले. त्यांच्यातले जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेव्हा ‘अभ्यासाला लागतो’ हे मुलाचे म्हणणे दरवेळी थाप नसते.

आता दुकानातल्या सर्वांत फसव्या गोष्टीकडे वळू. चिपचे नाव तेच असले तरी तिची ताकद तीच असेल असे नाही. आरटीएक्स ४०५० ही चिप लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवू शकते. खोक्यावर ठळक छापलेले असते ते नाव. वॅटचा आकडा मात्र बारीक अक्षरांत, नाहीतर कंपनीच्या तपशीलपत्रकात शोधावा लागतो. आमच्या मते दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा.

पण जास्त वॅट म्हणजे जास्त उष्णता. चिपमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती तांब्याच्या नळ्यांतून पातळ पात्यांपर्यंत जाते आणि पंखे तिला बाहेर ढकलतात. बाहेर किती उष्णता जाईल, हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरते. चिपची मर्यादा ९५ अंश धरू. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत ४० अंश झाले, की तोच फरक ५५ वर येतो. पंखा तितकाच फिरत असला तरी बाहेर जाणारी उष्णता एक-पंचमांशाहून अधिक घटते. थंड खोलीत १०० वॅट झेपणारे यंत्र इथे ७८ वॅटवरच थांबते आणि स्वतःची गती कमी करते. इंटरनेटवरच्या परीक्षणांतले आकडे बहुधा थंड खोलीतले असतात, हे आपल्याकडे लक्षात ठेवायला हवे. (न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. मुले त्या दिवशी कान देऊन ऐकतात.)

यात एक दिलासा आहे. चिपची गती वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शेवटची थोडी गती फार महाग पडते. उलट वीज पाचव्या हिश्शाने घटली तरी गती त्याहून बरीच कमी घटते. खेळात सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घातली तर यंत्र पुष्कळ थंड राहते. ते गादीवर ठेवू नये, कारण हवा बहुतेक वेळा खालूनच आत जाते. मळणीच्या दिवसांतली धूळ त्या बारीक पात्यांत साचते, तीही वर्षातून एकदा साफ करून घ्यावी.

बॅटरीबद्दल मुलांचा मोठा गैरसमज असतो. बॅटरी ६० वॅट-तासांची असेल आणि खेळताना १०० वॅट खर्च होत असतील, तर ती जेमतेम ३६ मिनिटे पुरेल. शिवाय बॅटरीवर असताना यंत्र आपणहून ताकद कमी करते. म्हणजे वीज गेली की खेळ थांबला. चार्जर २०० वॅटच्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ तीन जुन्या छताच्या पंख्यांएवढा. घरच्या लहान इन्व्हर्टरवर तो लावायचा तर आधी हिशोब करावा. तीन पिनांच्या चार्जरला खरे अर्थिंग नसेल, तर धातूच्या कवचाला हात लावताच झिणझिण्या येतात. वाडीवस्तीवरच्या कित्येक घरांत ही तिसरी पिन नावालाच असते.

मग घ्यावा कोणी? कला-वाणिज्य शाखेला, आणि सुरुवातीच्या प्रोग्रॅमिंगलाही, साधा लॅपटॉप भरपूर झाला. त्यात १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असली की चार वर्षे निघावीत. पैसे वाचवायचे असतील तर या दोन गोष्टींत वाचवू नयेत. धाराशिवच्या तेरणा किंवा तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र वा स्थापत्य शाखेत जाणाऱ्याला त्रिमितीय आराखडे काढावे लागतील. तिथे ग्राफिक्स चिप उपयोगी पडते, पण पहिल्याच दिवशी लागत नाही. वर्षभर थांबावे, वरच्या वर्गातल्या मुलांना कोणती सॉफ्टवेअर लागतात ते विचारावे, आणि मग घ्यावा. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राथमिक प्रयोग गुगलच्या ‘कोलॅब’वर मर्यादित प्रमाणात फुकट करता येतात, फक्त इंटरनेट बरे हवे. व्हिडिओ संपादन किंवा खेळ बनवायला शिकणाऱ्याला मात्र आम्ही नको म्हणणार नाही. खेळायलाच हवा असेल तर मुलाने तसे घरात सांगावे, मग घरच्यांनी ठरवावे.

घ्यायचे ठरलेच तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. असा लॅपटॉप बहुधा सव्वादोन-अडीच किलोंचा असतो, वर चार्जरचे अर्धा-पाऊण किलो. रोज एसटीने जाणाऱ्या मुलाच्या खांद्याला तो जाणवतो. आणि घरी येऊन दुरुस्ती करून देण्याची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारावे, नाहीतर प्रत्येक बिघाडाला सोलापूर किंवा लातूर गाठावे लागेल.