परसातील कोंबड्यांची टोचाटोची

परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने एक तलंग गमावणे ही लहानसहान हानी नव्हे. अंड्यांच्या पैशांतून मीठ-मिरची व मुलांच्या वह्या येत असतात. मानमोडीने होणारी मर सर्वांना ठाऊक असते. परंतु कोंबड्यांच्या आपसांतील टोचाटोचीमुळे होणारी हानी बहुधा मुंगसाच्या माथी मारली जाते.

कोंबड्यांच्या कळपात श्रेष्ठ-कनिष्ठतेचा क्रम असतो. नॉर्वेचे शास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एबे यांनी १९२२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अधूनमधून चोच मारणे हा त्या क्रमाचाच भाग असल्याने त्याची चिंता करू नये. रक्त दिसले की मात्र गोष्ट बदलते. तांबड्या जखमेकडे इतर कोंबड्या धावतात व दुबळ्या पक्ष्याला अक्षरशः टोचून मारतात. म्हणून जखमी पक्षी तत्काळ वेगळा करणे, हाच पहिला उपचार होय. त्यास डालग्याखाली सावलीत ठेवावे, दाणापाणी जवळ द्यावे. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुऊन खोबरेल तेलात कालवलेली हळद लावावी. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, यास्तव जखम रोज पाहावी. अळ्या पडल्यास, जखम खोल असल्यास किंवा गुदद्वाराजवळ असल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठणे श्रेयस्कर.

टोचाटोचीचे मूळ बहुतेक वेळा खुराड्यातच सापडते. दाटी, उकाडा, एकच दाण्याचे भांडे आणि अंडी घालण्यास आडोशाच्या जागेचा अभाव ही नेहमीची कारणे. केवळ तांदळाच्या कण्यांवर पोसलेल्या कोंबड्यांना प्रथिने अपुरी पडतात व त्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. डाळीची चुणी, वाळवी अथवा कोकणात थोडा सुकटीचा चुरा ही उणीव भरून काढतो. पाल्याची जुडी चोचीच्या उंचीवर टांगावी; कोंबड्यांना त्यात उद्योग मिळतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा पुरे.

योजनेतून मिळालेले पक्षी थेट जुन्या कळपात सोडण्याची घाई अनेक ठिकाणी होते. पक्षी वाटपाच्या दिवशीच लाभधारकांना याबाबत सांगितले पाहिजे. नवे पक्षी दोन-तीन आठवडे दूर ठेवावेत. त्यामुळे रोगाचाही पडताळा येतो. नंतर काही दिवस जाळीआड शेजारी ठेवून रात्रीच्या वेळी खुराड्यात सोडावेत, आणि सकाळी लक्ष ठेवावे. व्यापारी कुक्कुटशाळांत चोची छाटतात, ती रीत मात्र परसात आणू नये. येथील कोंबडीला चोचीनेच आपले पोट भरावयाचे असते.