हजार माणसांचा ग्रुप आणि एक नेमकं उत्तर
लेखमाला : जाळ्यावरची माणसं – भाग ६

मागच्या भागात शिंदखेड्याहून निघालेला एक संदेश सुरतेतल्या फोनवर कसा पोहोचतो ते आपण पाहिलं. तो भाग वाचून दोंडाईच्याच्या एका वाचकांनी विचारलं, ‘आमच्या कापूसवाल्यांच्या ग्रुपवर हजार माणसं आहेत, दिवसभर मेसेज पडत असतात. मग हा मोठा चर्चासमूह झाला की नाही?’ प्रश्न सरळ आहे, पण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागण्यासारखा नाही. आजचा अख्खा भाग त्यालाच दिला आहे.

मराठी माणसं जाळ्यावर एकत्र बसून बोलायला लागली त्याला आता बराच काळ लोटला. अजय गल्लेवाले यांनी १९९६ साली अमेरिकेत ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सुरुवातीला तिथे येणारे बहुतेक जण परदेशी राहणारे होते. मराठी बोलायला शेजारी कुणी नाही, हे त्यांचं मुख्य दुखणं. पण त्यांची अडचण अक्षरांपासूनच सुरू होत होती. त्या काळी देवनागरीसाठी वेगळे फाँट उतरवून घ्यावे लागत. संगणकाच्या लेखी आत साठलेली अक्षरं रोमनच असत, फाँट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देई. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसत. त्यामुळे कित्येक जण मराठी रोमन अक्षरांतच लिहीत. आणि असं लिहिलेलं पुढे शोधून काढणं महाकठीण.

युनिकोडने हे बदललं. जगभरच्या लिप्यांमधल्या अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक मिळाले, आणि एका संगणकावर लिहिलेला ‘क’ दुसऱ्या संगणकावरही ‘क’च राहू लागला. २००० नंतर घरोघरच्या संगणकांत ही सोय आली. २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आणि त्यानंतर ‘ऐसी अक्षरे’ ही ठिकाणं त्याच पायावर उभी राहिली. प्रत्येकाचा सूर निराळा. मनोगतावर शुद्धलेखनाची काळजी जास्त, मिसळपावावर मोकळेपणा जास्त. एका ठिकाणी करमेना म्हणून माणसं उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली, असंही झालं. त्याला मी फूट म्हणणार नाही. बोलण्याच्या पद्धती वेगळ्या असतात, आणि प्रत्येकीला आपली जागा लागते.

या ठिकाणांची वाढ मोजायची कशी? नोंदणी केलेल्या सदस्यांचा आकडा सगळ्यांत मोठा दिसतो आणि सगळ्यांत कमी सांगतो. एकदा नाव नोंदवून परत न फिरकलेले लोकही त्यात असतात. खरं कळायचं असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. प्रश्न टाकल्यावर पहिला प्रतिसाद किती वेळात येतो, उत्तर मिळालेला माणूस पुढे दुसऱ्या कुणाला उत्तर देतो का, आणि जुना धागा, म्हणजे एका विषयावरची चर्चा, नव्या माणसाला सापडतो का. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तिच्याकडे पुन्हा येऊ.

लिहिणारे मात्र नेहमी थोडेच असतात. याकोब नील्सन या अभ्यासकाने २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला. १०० पैकी ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेला एकटा लिहितो. मराठी मंडळी अशा वाचणाऱ्यांना ‘रोमात आहे’ म्हणतात, म्हणजे वाचनमात्र. त्यांना कमी लेखू नये. पुरणाचं प्रमाण असो की पासपोर्टची कागदपत्रं, चार जणांनी वाद घालून काढलेलं उत्तर वर्षानुवर्षं शेकडो जण मुकाट्याने वाचून जातात. पण तो लिहिणारा एकटा कंटाळून निघून गेला, तर सदस्यांचा आकडा तसाच राहतो आणि जागा ओस पडते.

आता थोडं गणित. १० माणसांत एकमेकांशी बोलणाऱ्या ४५ जोड्या होतात. १०० माणसांत ४,९५०. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये १०० वरून २५६ झाली, मग २०२२ मध्ये आधी ५१२ आणि त्याच वर्षी १,०२४. एवढ्या माणसांत जोड्या होतात ५,२३,७७६! या सगळ्यांचं बोलणं एकाच ओळीत, एकाखाली एक पडत राहिलं तर कुणाचं कुणाला कळणार? म्हणूनच जुन्या ठिकाणी विषयागणिक वेगळा धागा असतो. कपाशीचा धागा कपाशीचा, कवितेचा कवितेचा. ज्याला जे हवं तिथे तो जातो, आणि माणसं वाढली तरी गोंगाट त्या प्रमाणात वाढत नाही.

वेगळ्या धाग्यांनंतरची दुसरी गरज रीतीची. १९८० पासून चाललेल्या ‘यूजनेट’ या जागतिक चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरात विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे. जुने लोक त्यांना वागण्याची रीत शिकवायचे आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळं स्थिरस्थावर व्हायचं. १९९३-९४ च्या सुमारास एका मोठ्या अमेरिकी कंपनीने आपल्या लाखो ग्राहकांना तिथे वाट करून दिली. नव्यांचा ओघ थांबेचना, शिकवणारे अपुरे पडले आणि जुनी घडी मोडली. वाढ फार झाली म्हणूनही चर्चा बिघडते. मायबोलीवर वेमा, म्हणजे वेबमास्टर, किंवा मिसळपावावर संपादक नसते, तर हेच इथेही झालं असतं. भांडणारा धागा बंद करणं, खोट्या नावाने आलेला ड्यूआयडी ओळखणं, नव्याला समजावणं हे काम कुणाला दिसत नाही आणि त्याबद्दल शिव्याच जास्त मिळतात. मला या माणसांविषयी मनापासून आदर आहे.

आता दोंडाईच्याच्या ग्रुपकडे येऊ. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला, तेव्हापासून आपल्या तालुक्यात दर हंगामात तोच प्रश्न येतो : ‘भाऊ, डोमकळी दिखी राहिनी, काय मारू?’ सोबत अळीमुळे न उमललेल्या कळीचा, म्हणजे डोमकळीचा, फोटो. त्याखाली पाच-सहा औषधांची नावं पडतात, मग कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. मधेच कुणीतरी नेमकं लिहितो : पेरणीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा, एका सापळ्यात रोज ८ पतंग असे सलग तीन दिवस सापडले किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडकी निघाली, तरच फवारणीकडे वळा, आणि डोमकळ्या तोडून नष्ट करा. हे उत्तर लाखमोलाचं आहे. एक वायफळ फवारणी वाचली तरी पैसा वाचतो आणि अंगावर जाणारं विषही. पण संध्याकाळपर्यंत ते दोनशे मेसेजांखाली जातं. पुढच्या जुलैत नवा माणूस तोच प्रश्न विचारतो आणि उत्तर देणारा तेव्हा ग्रुपवर असेलच असं नाही.

मोठमोठ्या कंपन्यांच्या भरवशावर राहिलेल्यांचंही हेच झालं. ऑर्कुट हे संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडलं. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात संपलं. तिथल्या कम्युनिट्यांमधलं कित्येक वर्षांचं बोलणं त्याबरोबर गेलं.

लिहिलेलं टिकवण्याचं महत्त्व आपल्या धुळे जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरून कागद गोळा करत हिंडले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी निघाली, ती बावीस खंडांपर्यंत गेली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या कागदांत खलिते आहेत, तशी साधी घरगुती पत्रं आणि देण्याघेण्याचे हिशेबही आहेत. लिहिणाऱ्यांनी ते इतिहासासाठी लिहिले नव्हते. ते कागदावर होते आणि कुणीतरी सांभाळले, म्हणून आज वाचता येतात.

तेव्हा त्या वाचकांना माझं उत्तर असं : तुमचा ग्रुप जिवंत आहे, उपयोगी आहे, पण त्यात अजून काही साठत नाही. साठू लागलं की तो मोठा होईल. त्यासाठी नवं अ‍ॅप नको. ग्रुपमधल्या दोघांनी जबाबदारी घ्यावी, आठवड्यातली चांगली उत्तरं निवडावीत, गाव, तारीख, वाण आणि पेरणीचा दिवस लिहून ती सर्वांना उघडता आणि शोधता येईल अशा एका जागी ठेवावीत. प्रश्न अहिराणीत आला असेल तर अहिराणीतच ठेवा, फक्त देवनागरीत टाइप करा, म्हणजे पुढच्याला शोधता येईल. यंदाच्या हंगामात कुणी हे सुरू केलं तर मला जरूर कळवा. पुढच्या भागांपैकी एक मी त्या नोंदींसाठी राखून ठेवतो आहे.