नावामागचा ‘एल.’

बागेतल्या आंब्याच्या पाटीवर ‘मँजिफेरा इंडिका एल.’ असं लिहिलेलं असतं. हा ‘एल.’ म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस. १७५३ साली त्यांनी हे नाव दिलं. सागाच्या नावापुढे मात्र ‘एल.एफ.’ येतं. ‘एफ.’ म्हणजे ‘फिलिअस’, लॅटिनमध्ये मुलगा. सागाचं बारसं लिनिअस यांच्या लेकानं केलं! मला हे एक अक्षर फार आवडतं. आपल्या ताम्हणाच्या नावात ‘एल.’ कंसात आहे आणि पुढे ‘पर्स.’ आहे, कारण लिनिअस यांनी दिलेलं ‘स्पेसिओसा’ कायम ठेवून वनस्पतिशास्त्रज्ञ पर्सून यांनी झाड दुसऱ्या प्रजातीत (जीनसमध्ये) हलवलं. नावात ‘एसपी.’ दिसलं, तर प्रजाती कळली आहे, जाती (स्पीशीज) नाही. ‘सीएफ.’ म्हणजे ताडून पाहा. पाटी वाचताना ही अक्षरं गाळू नका.