चुलत्याच्या दारांतून गलबतावर

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें, हा वाद घरोघरीं होतो. पळवून नेलेल्या मुलाची कथा म्हटली कीं वडील मंडळी कपाळास आठी घालतात. अशांनीं रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याची ‘किडनॅप्ड’ ही कादंबरी आधीं स्वतः वाचावी, असें आम्ही सुचवितों. १८८६ सालीं ती ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकांत क्रमशः आली व त्याच वर्षीं पुस्तकरूपानें निघाली.

कथा १७५१ सालच्या स्कॉटलंडांतील. एका शाळामास्तराचा १७ वर्षांचा मुलगा डेव्हिड बॅल्फर हा वडिलांच्या पश्चात् त्यांनीं ठेवलेलें पत्र घेऊन, कधीं न पाहिलेल्या चुलत्याकडे जातो. चुलता एबेनेझर मोठ्या इस्टेटीचा धनी. पण वाडा अर्धवट बांधलेला, आणि जेवण म्हणजे ओटची पेज. एका वादळी रात्रीं तो पुतण्यास दिवा न देतां बुरुजावरील पेटी आणावयास पाठवितो. वीज चमकते, म्हणून डेव्हिडला दिसतें कीं पुढें जिनाच नाहीं! हा बेत फसल्यावर एका कप्तानाशीं सौदा होतो. मुलास गोड बोलून गलबतावर नेतात, डोक्यांत घाव घालतात. तो शुद्धीवर येतो तों हातपाय बांधलेले, आणि गलबत अमेरिकेंतील कॅरोलिनाकडे त्यास विकावयास निघालेलें. कारण एवढेंच कीं त्याचा बाप थोरला भाऊ होता व इस्टेट खरी डेव्हिडची होती.

हें निव्वळ कल्पनेंतलें म्हणावें, तर तशी सोय नाहीं. १७२८ सालीं आयर्लंडांतील जेम्स अ‍ॅन्स्ली या मुलास त्याच्या चुलत्यानें असेंच अमेरिकेंत पाठविलें. १७४३ सालीं डब्लिनच्या ज्यूरीनें निकाल जेम्सच्या बाजूनें दिला. अ‍ॅबर्डीन बंदरांतून पोरवयांत नेलेल्या पीटर विल्यमसननें परत येऊन आपली हकीकत छापली, तेव्हां तेथील अधिकाऱ्यांनीं तिचे कागद जाळविले. पोरें विकण्याच्या त्या व्यापारांत गांवचे प्रतिष्ठित लोकच गुंतलेले होते. पुढें एडिंबरोच्या न्यायालयानें त्यास नुकसानभरपाई देवविली.

कादंबरींत आम्हांस सर्वांत झोंबला तो गलबतावरचा रॅन्सम नांवाचा पोरगा. मारानें झालेली पायावरची ओली जखम तो मोठ्या ऐटीनें दाखवितो! गलबतावरचा एक अधिकारी दारूच्या धुंदींत त्यास ठार करितो, आणि त्याची जागा डेव्हिडला मिळते. उलट ज्या कप्तानानें मुलगा चोरला, तो आपल्या म्हाताऱ्या आईच्या गांवावरून दिवसां जातांना तोफ उडवून सलामी दिल्यावांचून राहत नाहीं. दुष्ट मनुष्य शिंगें घेऊन येत नाहीं, हें मुलांस इतक्या सहजपणें सांगणारी पुस्तकें थोडीं. वडिलधाऱ्यांविषयीं मुलांचा आदर यानें ढळेल, ही भीति आम्हांस खरी वाटत नाहीं. डेव्हिडला पत्र देऊन वाटेस लावणारे पाद्रीबुवा आणि शेवटीं आधार देणारा वकील हेही वडीलधारेच आहेत.

मधली डोंगरांतील पळापळ व अ‍ॅलन ब्रेक या बंडखोराशीं जडलेली मैत्री मुलें एका बैठकींत वाचतील. शेवटीं हाच अ‍ॅलन रात्रीं चुलत्याच्या दाराशीं जाऊन बतावणी करतो, ‘मुलगा आमच्या कैदेंत आहे, त्यास मारावें कीं ठेवावें?’ चुलता खर्चाची घासाघीस करतो, आणि बोलतां बोलतां कप्तानास २० पौंड दिल्याचें कबूल करून बसतो. अंधारांत वकील व पुतण्या ऐकतच असतात. प्रकरण कोर्टांत न जातां मिटतें: उत्पन्नाचे दोन तृतीयांश डेव्हिडला, बाकीचें चुलत्यास. आम्हांस हा न्याय अंमळ स्वस्तच वाटला.